पिकअप घ्यायचीय? आधी अंगणात फक्कीने हौदा आखा

बोअरमधली मोटर काढायला चार माणसं लागतात. एक चेनकप्पीवर, एक क्लॅम्प आवळायला आणि दोघं वर आलेला पाइप धरून बाजूला ठेवायला. पाचवा मी. आणि २०१६ साली मी जी पिकअप घेतली, तिच्या आरसी बुकात बैठक होती दोन, ड्रायव्हर धरून. मला हे माहीत नव्हतं असं नाही. "पोरं काय, बसतील हौद्यात," असं मीच म्हणालो होतो.

माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान संगमनेरच्या पठार भागात, घारगावजवळ आहे. मार्च ते जून मोटारी जळतात, बोअरचं पाणी खाली जातं, पाइप वाढवावे लागतात. तेव्हा दिवसाला दोन-दोन बोअर होतात. त्या गाडीत मी आणि एक जण पुढे, तिघं मागे पाइपांवर पोतं टाकून. दुसऱ्याच उन्हाळ्यात एका वस्तीच्या रस्त्यावर चाक खड्ड्यात गेलं, हौद्यातली लोखंडी घोडी (मोटर वर ओढायला बोअरवर उभं करतात ते पायांचं स्टँड) सरकली आणि आमच्यातल्या सगळ्यात लहान पोराची दोन बोटं घोडीचा पाय आणि हौद्याचा फाळका यांच्यामध्ये सापडली. बोटं वाचली, नखं गेली. त्याच्या आईसमोर उभं राहून मी काय बोललो ते आज आठवत नाही, पण काही बोलायला तोंड नव्हतं एवढं आठवतं.

म्हणून कुणी "दादा, पिकअप घ्यायचीय, कुठली घेऊ?" म्हणून दुकानात आला की मी कंपनीचं नाव सांगत नाही. आधी विचारतो, गाडीत बसणार किती जण आणि महिन्यातले किती दिवस?

याचं उत्तर अंदाजाने देऊ नका. शंभर पानी वही घ्या, महिनाभर रोज एक ओळ लिहा: आज किती माणसं नेली, सगळ्यात लांब वस्तू किती फुटांची, वजन किती, किलोमीटर किती, त्यातला कच्चा रस्ता किती. गाडी नसेल तर भाड्याच्या गाडीचं लिहा. मी दुसरी गाडी घेण्याआधी लिहिलं. कामाचे दिवस भरले २६. चार किंवा जास्त माणसं होती १९ दिवस. दहा फुटी पाइप नेले ११ दिवस. टनाच्या वर वजन गेलं फक्त तीन दिवस. वही लिहीपर्यंत मी सगळ्यांना सांगत होतो की मला रोज दीड टन लागतो!

आता कॅबचं. बाजारात मुख्यतः दोन प्रकार. सिंगल कॅब, म्हणजे पुढे ड्रायव्हर आणि एक-दोन माणसं, मागे सगळा हौदा. आणि डबल कॅब, जिला क्रू कॅबही म्हणतात. चार दारं, पाच माणसं, मागे छोटा हौदा. बोलेरो कॅम्पर रस्त्यावर सगळ्यांनी पाहिलेली असते, टाटाच्या योद्धामध्येही क्रू कॅब येते. चासी दोन्हींची जवळपास तेवढ्याच लांबीची, त्यामुळे मागचं बाक आलं की तेवढी जागा हौद्यातूनच जाते. सिंगल कॅबचा हौदा आठ ते दहा फूट मिळतो. डबल कॅबचा पाच फुटांच्या आसपास, म्हणजे जवळपास निम्मा.

निम्मा म्हणजे किती, हे कागदावर कळत नाही. आम्ही अंगणात फक्की मारली. शोरूममध्ये जाऊन टेपने हौदा आतून मोजला, घरी येऊन तेवढा चौकोन आखला आणि त्यात सामान मांडलं. मोटर-पंपाची जोडी, केबलची गुंडाळी, कप्पी, क्लॅम्पची पेटी, सगळं बसलं. घोडीचे पाय सुटे करून तिरपे टाकले तेव्हा बसले. दहा फुटी पाइपांची निम्मी लांबी मात्र चौकोनाबाहेर. बायको ओट्यावरून म्हणाली, "पाइप वर टाका की, केबिनच्या टपावर." सहा महिने ज्याच्यावर डोकं खाजवत होतो, ते उत्तर तिने चहा गाळता गाळता दिलं. हौद्याच्या मागच्या बाजूला एक लोखंडी चौकट, टपावर कॅरियर, आणि दहा फुटी पाइप त्या दोन्हींवर आडवा पडतो. मागे काही लोंबत नाही. लोंबलं तर महागात पडतं: बाहेर आलेल्या मालाला २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात २० हजार रुपये दंड आहे, शिवाय माल तिथेच उतरवावा लागतो.

वीस फुटी जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप कुठल्याच पिकअपमध्ये मावत नाही. त्याला ट्रॅक्टर-ट्रॉली बोलवायची, त्यात कमीपणा नाही.

तुमचा माल वेगळा असेल. टोमॅटोचे क्रेट, दुधाचे कॅन, कांद्याच्या गोण्या नेणाऱ्याने डबल कॅबकडे बघूही नये. त्याच्या गाडीत माणसं दोन, माल भरपूर, आणि प्रत्येक फुटाचं भाडं मिळतं. मंडपवाला, वायरिंगचा ठेकेदार, बोअरवाला, स्प्रिंकलर-ठिबक बसवणारा, यांचं उलट. यांच्या गाडीतून माणसांचे हात जातात, आणि त्यांच्याबरोबर अवजारं.

मधल्यांनी फसू नये. महिन्यातून चार दिवस माणसं न्यायची असतील तर त्या चार दिवसांसाठी रिक्षा करा. चार दिवसांसाठी निम्मा हौदा देऊन बसू नका.

डबल कॅब बघायला जाताना पूर्ण टोळी घेऊन जा. आम्ही पाचही जण कामाच्या कपड्यांत गेलो. सेल्समनचं लक्ष सीटच्या कव्हरवर आणि आमच्या पायांच्या मातीवर. असू दे त्याचं लक्ष. मागे तिघांना खरंच बसवा, उंच माणूस मधे बसवा, दारं लावा आणि दहा मिनिटं तसंच बसून राहा. गुडघे पुढच्या सीटला टेकतात का, पाठ किती सरळ राहते, हे दहा मिनिटांत कळतं. दोन मिनिटांत सगळ्याच गाड्या आरामशीर वाटतात. आमचा उंच गडी एका गाडीतून उतरला आणि म्हणाला, "यापेक्षा हौदा बरा." ती गाडी तिथेच बाद.

वजनाचा हिशोब आरसी बुकावरून करा, जाहिरातीवरून नको. लेडन वेटमधून (भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन) अनलेडन वेट (रिकाम्या गाडीचं) वजा करा. जे उरतं त्यात माल आणि माणसं दोन्ही आली. हे लोक विसरतात. माझं गणित असं: चारशे फुटांच्या बोअरचा जुना दोन इंची जीआय पाइप, दहा फुटी तुकडे ४०. एक तुकडा साधारण १५ किलो, म्हणजे ६०० किलो. मोटर-पंप ७०. घोडी, कप्पी, चेन मिळून १२०. केबल ४०. पाच माणसं ६५ प्रमाणे ३२५. बेरीज ११५५. क्रू कॅबची ताकद साधारण एक ते सव्वा टनाची असते, म्हणजे हा दिवस अगदी काठावरचा. असे दिवस माझ्या वहीत तीनच होते, म्हणून मी धकवलं. त्या दिवशी पाइप दोन खेपांत आणतो. ओव्हरलोडचा दंड २० हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. पण दंडाच्या आधी मागचे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) बसतात, टायर फाटतो.

याच कागदावरची दुसरी गोष्ट: लेडन वेट ३००० किलोच्या आत असेल तर मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. वर गेलं की परमिट आलं. ज्यांना गावातल्या गावात काम आहे त्यांनी ही रेषा बघूनच मॉडेल निवडावं. लायसन्सची काळजी मात्र आता सोडा. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने सांगितलंय की एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, वेगळा शेरा लागत नाही. आरटीओची फिटनेस तपासणी मात्र चुकवू नका: पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी.

इंजिनाकडे येऊ. इथे लोक हॉर्सपॉवर विचारतात. पिवळ्या पाटीच्या पिकअपला स्पीड गव्हर्नर असतो, गाडी ८० च्या पुढे जात नाही. मग जास्तीची हॉर्सपॉवर वापरणार कुठे? लोड घेऊन चढावर उभी गाडी हलवायची तेव्हा कामाला येतो टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवायचा जोर, आणि तोही कमी आरपीएमला, इंजिन हळू फिरत असताना मिळणारा. दोन गाड्या घ्या. टाटा इंट्रा व्ही३० चं दीड लिटरचं डिझेल इंजिन ७० हॉर्सपॉवरचं, बोलेरो पिकअपचं अडीच लिटरचं ७५ चं. नुसती हॉर्सपॉवर बघितली तर भाऊ-भाऊ. टॉर्क बघा: इंट्राचा १४० न्यूटन मीटर, बोलेरोचा २००. इंट्रा अंगाने हलकी आहे, त्यामुळे शहरातल्या फेऱ्यांना आणि सपाट रस्त्याला तेवढ्यात भागतं, डिझेलही कमी पडतं. योद्धाचं २.२ लिटर इंजिन १०० हॉर्सपॉवर आणि २५० न्यूटन मीटर देतं. इसुझू व्ही-क्रॉसचा टॉर्क ३६० आहे, पण ती वेगळ्या खिशाची गाडी; तिच्या हौद्यात घोडी टाकायला माझाच हात धजणार नाही.

सीएनजीबद्दल रोज कुणीतरी विचारतं. इंट्रा व्ही२० सीएनजी आणि पेट्रोल दोन्हींवर चालते. सीएनजीवर टॉर्क ९५ च्या आसपास. पुण्यात, नाशकात, सपाट डांबरीवर रोज शंभर-सव्वाशे किलोमीटर असतील तर पैसे वाचतात. माझ्या वस्त्यांवर नाही. शिवाय टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी करावी लागते, आणि पंपावरच्या रांगेत गेलेला वेळ कुणी हिशोबात धरत नाही. बोअर उघडा टाकून मी रांगेत उभा राहू शकत नाही.

डिझेलवाल्यांनी एक गोष्ट ऐकून ठेवा, ही मला कुणी सांगितली नव्हती. एप्रिल २०२० पासूनच्या, धुराच्या नव्या नियमांच्या (बीएस६) डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी धरणारा फिल्टर असतो, डीपीएफ. ती काजळी जाळायला इंजिन चांगलं तापलेलं लागतं. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या, मोटर उतरवताना तासभर गाडी चालू ठेवून बसणं, असं रोज केलं की फिल्टर चोंदतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. माझ्या मेहुण्याने तो दिवा तीन आठवडे पाहिला, आणि मग एक दिवस गाडीने ओढच सोडली. दिवा लागला की गाडी हायवेला काढा, एका चालीत अर्धा तास चालवा. तरी नाही विझला तर वर्कशॉप गाठा, सायकलच्या दुकानात नको. ज्यांचं सगळं काम गावातल्या गावात, त्यांनी पेट्रोल-सीएनजीचा विचार करावा तो याच कारणासाठी.

फोर व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ओढ? काळ्या रानात पावसाळ्यात रोज जावं लागत असेल तर घ्या; योद्धा, कॅम्पर दोन्हींत मिळते. माझं काम उन्हाळ्याचं, मी नाही घेतली. मागचे टायर मात्र मी घासेपर्यंत वापरत नाही.

ट्रायल कशी घ्यायची ते सांगतो. शोरूमवाले रिकामी गाडी हायवेवर फिरवून आणतात. रिकामी पिकअप कुठलीही पळते. मी खताच्या दुकानातून युरियाच्या १२ गोण्या उसन्या घेतल्या. ४५ किलोची एक, म्हणजे ५४० किलो. वर आम्ही पाच. अशी गाडी चंदनापुरी घाटात नेली, आतल्या एका चढावर थांबवली, हँडब्रेक ओढला आणि पहिल्या गिअरला उचलली. क्लच हळू सोडताना इंजिन गुरगुरलं, मान टाकली नाही, आणि गाडी इंचभरही मागे न येता निघाली. जी गाडी इथे रेस मागते, क्लचचा वास सोडते, ती वर्षभरात क्लचप्लेट मागणार. एका ठिकाणी सेल्समन म्हणाला, गोण्या टाकायची परवानगी नाही. मी म्हटलं, मग मलाही विकत घ्यायची परवानगी नाही.

जुनी घेत असाल तर हौद्याखाली झोपून बघा. पाटे सरळ झालेत का, चासीवर वेल्डिंगचा डाग आहे का, हौद्याचा तळ पत्र्याखाली गंजलाय का. वरून मारलेला रंग बघून खूश होऊ नका.

आणि टपावर पाइपांचा कॅरियर करून घ्याल तेव्हा आडव्या अँगलवर जुन्या टायरची ट्यूब कापून गुंडाळा, तारेने घट्ट बांधा. आम्ही पहिल्या आठवड्यात बांधली नव्हती, तर घारगावपासून बोट्यापर्यंत पाइप असे वाजत होते की गाडीत एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. मागे बसलेला तो लहान पोरगा, आता मोठा झालाय, त्यानेच ट्यूब आणून गुंडाळली.