डोक्यावर काहीतरी लखलखलं? उल्का म्हणण्याआधी या चुका टाळा

डिसेंबरात जेमिनिड उल्कावर्षाव बघायला आम्ही कोल्हापूरजवळच्या मसाई पठारावर गेलो होतो. सव्वासात वाजले असतील. माथ्यावर उत्तरेकडं सरकणारा एक फिका ठिपका एकदम शुक्रासारखा पेटला. "मामा, उल्का! केवढी मोठी!" भाच्यानं लगेच वहीत लिहूनही टाकलं. ती नोंद नंतर खोडावी लागली, कारण सहा-सात सेकंदांनी तेज ओसरलं तरी ठिपका पुढं चाललाच होता. उल्का बहुधा सेकंदभरात संपते आणि विझली की विझली. उपग्रहाच्या सोलर पॅनेलवरून किंवा अँटेनावरून ऊन आरशासारखं आपल्याकडं वळलं की दिसतो तो फ्लेअर. तो चढतो आणि उतरतो.

सगळ्यात महागात पडते ती वेळ न लिहिण्याची चूक. उपग्रहाला स्वतःचा उजेड नाही, ऊन लागलं तरच तो दिसतो. ५५० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह बरोबर माथ्यावर असेल, तर सूर्य क्षितिजाखाली साधारण २३ अंश जाईपर्यंतच त्याच्यावर ऊन असतं. कोल्हापूर १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, इथं सूर्य बराच सरळ खाली उतरतो. म्हणून सूर्यास्तानंतर सुमारे पावणेदोन तासांत माथ्यावरचे असे उपग्रह पृथ्वीच्या सावलीत जातात आणि पहाटे तेवढाच वेळ आधी पुन्हा उन्हात येतात. मध्यरात्री माथ्यावर चमकलेल्या गोष्टीवर स्टारलिंकचं, म्हणजे स्पेसएक्स कंपनीच्या इंटरनेट पुरवणाऱ्या उपग्रहांचं, नाव घालू नका. उत्तर युरोपातल्या निरीक्षकांना जूनमध्ये रात्रभर उपग्रह दिसतात. त्यांचे अनुभव वाचून इथं तीच अपेक्षा ठेवली की गोंधळ होतो.

क्षितिजाजवळचं गणित मात्र वेगळं. सूर्यास्तानंतर अडीच-तीन तासांनी, सूर्य जिथं मावळला त्या बाजूला अगदी खाली, एकाच पट्ट्यात एकामागून एक ठिपके उजळून विझत असतील, तर तिथं स्टारलिंकचाच संशय घ्या. त्यासाठी पश्चिम मोकळी हवी, आणि पन्हाळ्यावरून ती छान मिळते.

इरिडियम या फोनसेवेच्या उपग्रहांच्या फ्लेअरची जुनी वेळापत्रकं शोधत बसू नका. १९९७ पासून सोडलेल्या त्या उपग्रहांना दाराएवढ्या तीन चकचकीत अँटेना होत्या आणि त्यांचे फ्लेअर उणे ८ प्रतीपर्यंत (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका उणे तितकं तेज जास्त) जायचे, सेकंदांपर्यंत अचूक सांगताही यायचे. २०१७ ते २०१९ मध्ये नवी पिढी आली, ती तशी चमकत नाही. जुने बहुतेक खाली उतरवले गेले. काही बंद पडलेले अजून कोलांट्या खात फिरतात, पण त्यांच्या चमकेचा भरवसा नाही.

उजळाईवाडीकडं, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळाकडं, येणारं विमान समोरून दिसलं तर लँडिंग लाइट जागच्या जागी तेजाळतो. दोन मिनिटं थांबा, लाल-हिरवे दिवे दिसतील.

फोटोतही फसगत होते. दोन्ही टोकांना निमुळती रेघ बघून उल्का ठरवू नका, फ्लेअरची रेघही तशीच येते. आधीची आणि नंतरची फ्रेम उघडा: त्याच सरळ रेषेत पुढची फिकी रेघ सापडली तर तो उपग्रह.

आणि उपग्रह दाखवणाऱ्या अॅपमध्ये ठिकाण पुणे किंवा मुंबई राहिलंय का, वेळ भारतीय आहे की साडेपाच तास मागं, हे घरीच बघून निघा. उपग्रहांच्या कक्षांची माहितीही त्याच दिवशी ताजी करून घ्या, पठारावर रेंज मिळेलच असं नाही.