लॅक्टेजचे थेंब लागू पडत नाहीत? या चुका टाळा

‘लॅक्टेजचे थेंब नकली निघाले,’ ही तक्रार ऐकून मी थकले आहे. लॅक्टेज म्हणजे दुधातली साखर, लॅक्टोज, फोडणारं विकर (एन्झाइम). आतड्याच्या अस्तरात ते कमी बनलं की दूध पचत नाही, म्हणून ते थेंबांतून दुधात घालतात. थेंब बहुतेक वेळा अस्सलच असतात. चुकतं ते दूध, नाहीतर धीर.

माझ्या बहिणीचंच घ्या. दूध प्यायलं की तिचं पोट फुगायचं. थेंब आणले, तरी गुण येईना. मी जाऊन पाहिलं, तर गॅसवरून उतरवलेल्या वाफाळत्या दुधात थेंब टाकून ती दहा मिनिटांत ते पीत होती! लॅक्टेज हे प्रथिन आहे. उकडलेलं अंडं जसं पुन्हा पातळ होत नाही, तसं उकळत्या दुधात बिघडलेलं लॅक्टेज पुन्हा कामाला लागत नाही. तिचा विश्वास बसेना, म्हणून दोन ग्लास घेतले, एकात गरम दूध, एकात थंड. दोन्हींत सारखेच थेंब घातले आणि गरम ग्लास निवल्यावर दोन्ही फ्रिजमध्ये ठेवले. दुसऱ्या दिवशी लघवीतली साखर तपासायची पट्टी बुडवली. थंड दुधात पट्टीचा रंग गडद झाला, गरममध्ये हललासुद्धा नाही. लॅक्टोज फुटलं की ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज तयार होतात. पट्टी त्यातलं ग्लुकोज पकडते. थंड ग्लासातलं दूध जिभेलाही गोड लागलं.

आता ती दहा मिनिटांची घाई. 250 मिलिलिटर दुधात साधारण 12 ग्रॅम लॅक्टोज असतं. फ्रिजच्या थंडीत ते फुटायला वेळ लागणारच. मी पूर्ण 24 तास देते आणि बाटलीवर चिकटपट्टी लावून वेळ लिहिते. नंतर दूध खुशाल तापवा, काम झालेलं असतं.

दुधात घालायचे थेंब थेट तोंडात टाकू नका. ते बहुधा यीस्टपासून काढलेले असतात, जठरातल्या आम्लात टिकत नाहीत. गोळ्यांतलं लॅक्टेज सहसा बुरशीचं असतं, ते आम्ल सोसतं. पण गोळी पहिल्या घोटाबरोबरच घ्या, पोट दुखायला लागल्यावर नाही.

मधुमेह असेल तर ‘लॅक्टोजमुक्त’ म्हणजे साखरमुक्त समजू नका.

जुलाबानंतर दूध पचेनासं झालं, तर ते कायमचं सोडू नका. आतड्याचं अस्तर भरून आलं की लॅक्टेज बहुधा परत येतं.

आणि दुधाने अंगावर गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील, तर ती ॲलर्जी आहे. ती दुधातल्या प्रथिनांची असते, लॅक्टेज त्यांना हातही लावत नाही. गोळीच्या भरवशावर दूध पिऊ नका, डॉक्टरांकडे जा.