१२,३४,५६,७८९ : मोठ्या संख्येचे गुणधर्म कागद-पेन्सिलीने कसे शोधावेत

एक ते नऊ हे अंक ओळीने लिहिले की बारा कोटी चौतीस लाख छप्पन्न हजार सातशे एकोणनव्वद ही संख्या मिळते. कोणत्याही मोठ्या संख्येचे मूळ अवयव हाती आले की तिचे बरेचसे गुणधर्म त्यांतूनच निघतात, म्हणून मुख्य मेहनत तेथेच करावी.

प्रथम अंकांची बेरीज करावी. ती ४५ येते, म्हणजे ९ ने भाग जातो आणि १,३७,१७,४२१ उरतात. या नव्या संख्येच्या अंकांची बेरीज २६ असल्याने ३ ने पुन्हा भाग जात नाही. अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जाणाऱ्या संख्यांना देवळालीचे गणिती दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी ‘हर्षद’ हे सुंदर नाव दिले. आपल्या संख्येचा शेवटचा अंक ९ असल्याने तिला ५ ने, म्हणून ४५ नेही, भाग जात नाही आणि ती हर्षद ठरत नाही.

आता १,३७,१७,४२१ ला ७, ११, १३ अशा मूळ संख्यांनी क्रमाने भागत बसल्यास पहिला अवयव सापडेपर्यंत पाचशेच्या आसपास भागाकार करावे लागतील. त्याआधी फ्रेंच गणिती फर्मा यांची रीत अवश्य वापरून पाहावी. विषम संख्या दोन अवयवांचा गुणाकार असेल, तर ती दोन वर्गांची वजाबाकी म्हणूनही लिहिता येते, आणि ते अवयव एकमेकांच्या जवळ असतील तर ते वर्ग फार लवकर सापडतात. आपल्या संख्येचे वर्गमूळ ३७०३ आणि ३७०४ यांच्या मध्ये आहे, म्हणून ३७०४ पासून सुरुवात करावी. ३७०४ च्या वर्गातून संख्या वजा केल्यास २१९५ उरतात. ५ ने संपणाऱ्या पूर्ण वर्गाच्या शेवटी २५ च असतात, त्यामुळे वर्गमूळ न काढताच ही पायरी सोडता येते. ३७०५ च्या वर्गातून वजा केल्यास ९६०४ उरतात, आणि हा ९८ चा वर्ग आहे! म्हणजे अवयव ३७०५ − ९८ = ३६०७ आणि ३७०५ + ९८ = ३८०३. शेकडो भागाकारांचे काम दोन वजाबाक्यांत झाले, याचा आनंद मला दर वेळी नव्याने होतो.

हे दोन्ही अवयव मूळ आहेत, याची खात्री मात्र करून घ्यावी. त्यासाठी ६१ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहणे पुरेसे आहे, कारण ६२ चा वर्ग ३८४४ आहे. एकानेही भाग जात नाही.

म्हणून १२,३४,५६,७८९ = ३² × ३६०७ × ३८०३. प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार केला की विभाजकांची संख्या मिळते : ३ × २ × २ = १२. विभाजकांची बेरीज (१ + ३ + ९) × ३६०८ × ३८०४ = १७,८४,२२,८१६ येते. त्यातून मूळची संख्या वजा केल्यास ५,४९,६६,०२७ उरतात. ही स्वतः संख्या सोडून इतर विभाजकांची बेरीज. ती संख्येइतकीच आली तर संख्येला परिपूर्ण म्हणतात; येथे ती कमी असल्याने ही परिपूर्ण संख्या नाही. शिवाय ४ ने भागल्यास बाकी ३ राहणारा मूळ अवयव विषम वेळा आला, तर संख्या दोन पूर्ण वर्गांची बेरीज होऊ शकत नाही. ३६०७ ला ४ ने भागल्यास बाकी ३ राहते आणि हा अवयव एकदाच आला आहे, त्यामुळे ही संख्या दोन पूर्ण वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येत नाही.