हर्णैला मासळी बघायला जाताय? या चुका टाळा

रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळच्या हर्णैच्या बंदरातलं सगळं काम भरती-ओहोटी बघून चालतं आणि पर्यटक येतो तो हॉटेलच्या चेक-इनची वेळ बघून. लिलाव संपला होता, समोर समुद्रातल्या सुवर्णदुर्ग किल्ल्यावर बोट गेली नाही, गाडी वाळूत रुतली, पापलेट मिळालं नाही, मिळालं ते शिळं निघालं. इथून वैतागून परत जाणाऱ्यांच्या तक्रारी ऐकल्या तर बहुतेकींचं मूळ या एकाच गोष्टीत सापडतं. त्यामुळे हॉटेल बुक करण्याआधी कॅलेंडरवरची तिथी बघा. खरंच बघा.

तिथी न बघता निघणं

कोकणात भरतीचा एक सोपा हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या आसपास. त्यापुढे सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. मोबाइलवर भरतीचे तक्ते मिळतात, ते जास्त अचूक असतात, पण बंदरावर रेंज गेली की हीच पाऊणपट कामाला येते.

पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. भरतीचं पाणी नेहमीपेक्षा वर चढतं आणि ओहोटीला तेवढंच लांब जातं. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा पाण्याची चढउतार कमी. मुलांना घेऊन पाण्यात खेळायचं असेल तर भांगाचे दिवस बरे. खडकातले खेकडे, शिंपले बघायचे असतील तर उधाणाची ओहोटी गाठा, मात्र पाणी वळायच्या आत माघारी फिरा.

जून-जुलैत ताज्या पापलेटची अपेक्षा

पावसाळ्यात गर्दी कमी, खोल्या स्वस्त, हिरवागार निसर्ग, म्हणून लोक येतात आणि मग बंदर रिकामं बघून हिरमुसतात. गेली काही वर्षं १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. हा माशांच्या विणीचा काळ आणि समुद्रही खवळलेला. नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, त्यांची डागडुजी चाललेली असते, जाळी शिवली जात असतात. बंदी १ ऑगस्टला उठली तरी बरेचजण नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय होडी पाण्यात घालत नाहीत.

या दिवसांत आलात तर सुक्या मासळीकडे वळा. सोडे, जवळा, सुके बोंबील, शिवाय खाडीतलं मिळेल ते. पावसात गरम भाकरी आणि सोड्यांचं कालवण मिळत असताना कोल्ड स्टोरेजमधल्या सुरमईसाठी कोणी हट्ट का करावा, हे मला कधी उमगलेलं नाही.

गणपती आणि शिमग्यातही बंदर थंड असतं. खलाशी घरी आलेले असतात, गावात पालखी नाचत असते. मासळी कमी मिळेल, पण गाव बघायचं तर शिमग्यासारखी वेळ नाही.

लिलावात मध्येच तोंड घालणं

लिलाव साधारण सकाळी आणि पुन्हा दुपारी चारनंतर चालतो, पण नेमकी वेळ नौका कधी येतात त्यावर. मोठ्या नौका खोल पाण्यात नांगरतात आणि माल लहान होड्यांतून काठाला येतो. वर्षानुवर्षं इथे बैलगाड्याही थेट पाण्यात घालून मासळी आणली जायची. टोपल्या उतरतात, ढीग पडतो, भोवती व्यापाऱ्यांचं कडं होतं आणि पुकारणारा भराभर आकडा चढवत नेतो. नवख्या माणसाला चढाओढ कोणाकोणात आहे तेही कळत नाही. मान हलते, बोट उचललं जातं, ढीग विकला जातो, बर्फ पडतो, टेम्पो निघतो.

इथे बोली अख्ख्या ढिगाची किंवा टोपलीची असते. मित्रांसमोर गंमत म्हणून आकडा बोललात आणि तो तुमच्यावर सुटला, तर पैसे मोजायची तयारी ठेवा. नसेल तर निदान मागच्या रांगेत गप्प उभं राहा. कड्याच्या आत शिरून टोपलीवर वाकून सेल्फी घेणारे सगळ्यांच्याच डोक्यात जातात, आणि ओल्या वाळूवर मागून डोक्यावर टोपली घेऊन येणाऱ्या माणसाला पटकन थांबताही येत नाही.

घरापुरती मासळी हवी तर लिलावाच्या बाजूला वाटे मांडून बसलेल्या बायकांकडे जा. "मावशी, वाटा कसा दिला?" एवढ्याने सुरुवात होते. घासाघीस जरूर करा, ती अपेक्षितच असते. मात्र सकाळी भवानीच्या, म्हणजे पहिल्या विक्रीच्या वेळी अर्ध्या किमतीला मागून, मावशींनी उतरवून दिल्यावर "बघतो जरा पुढे" म्हणून निघून जाऊ नका. मागून जे ऐकू येईल ते तुम्ही कमावलेलंच असेल. साफ करून हवी असेल तर कापून देणाऱ्या बायका तिथेच असतात, त्यांची मजुरी वेगळी. क्यूआर कोड आता बऱ्याच ठिकाणी दिसतो, तरी पन्नास-शंभरच्या नोटा खिशात असू द्या.

फोटो काढायचा तर माणसाला विचारून काढा. नाकाला रुमाल लावून मात्र काढू नका. वास येणारच, ते बंदर आहे. वाळत घातलेल्या जाळ्यांवरून, मासळीवरून चपला घालून चालू नका, आणि ओढून ठेवलेल्या होडीत बूट घालून चढू नका. होडीची पूजा होते, आणि त्यातही ती कोणाची तरी आहे.

गाडी किनाऱ्यावर नेणं

जाहिरातीत एसयूव्ही लाटांमधून पळते. हर्णैजवळच्या मुरूड आणि कर्द्याच्या वाळूत ती रुतते, आणि मग भरती येते. दर सुट्टीत असा एखादा व्हिडिओ फिरतोच. ओहोटीला वाळू घट्ट आणि सपाट दिसते, पण पाण्याजवळची वाळू वरून कडक असली तरी खाली भुसभुशीत असते. अशा गाडीवाल्यांवर पोलिसांत गुन्हे दाखल होतात, ते वेगळंच.

दुसरं कारण कासवांचं. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडलेच्या माद्या या पट्ट्यातल्या किनाऱ्यांवर अंडी घालायला येतात. आंजर्ले आणि मंडणगड तालुक्यातलं वेळास ही त्यांची ठाऊक असलेली ठिकाणं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासला गावकऱ्यांबरोबर उभं केलेलं काम आज राज्यभर माहीत आहे. गाडीच्या चाकाखाली वाळू दबली की खालचं घरटं गेलं. पिल्लं बघायची असतील तर साधारण फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान या आणि सकाळ-संध्याकाळच्या ठरलेल्या वेळी हजर राहा. पिल्लं त्या दिवशी बाहेर आलीच नाहीत, तर स्वयंसेवकांशी वाद घालून ती येत नाहीत.

गाडी रुतलीच, तर आधी पाणी कुठे आहे ते बघा. भरती येत असेल आणि वेळ थोडा असेल तर माणसं आणि सामान काढा, बाकी नंतर. वेळ असेल तर ॲक्सिलरेटर दाबू नका, चाक जितकं फिरेल तितकं खाली जाईल. टायरमधली हवा पंधरा-अठरा पीएसआयपर्यंत कमी करा, चाकापुढची वाळू हाताने काढा, फळी किंवा गाडीतली मॅट चाकाखाली सरकवा आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळू बाहेर या. जमलं नाही तर गावात ट्रॅक्टर शोधा. इंजिनात खारं पाणी शिरलं असेल तर चावी फिरवून बघायचा मोह आवरा. गाडी टो करून नेणंच स्वस्त पडतं.

गावातलं पार्किंगही याच प्रकरणात येतं. हर्णैची बाजारपेठ अरुंद आहे. बंदराच्या तोंडाशी गाडी लावून तुम्ही चहाला गेलात की बर्फाची गाडी अडते. मग लिलाव झालेला माल उन्हात बसतो आणि हॉर्न वाजायला लागतात.

सुवर्णदुर्गाला गृहीत धरणं

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात सुवर्णदुर्ग आहे. १७५५ साली कमोडोर जेम्सने तुळाजी आंग्र्यांकडून घेतलेला हाच तो किल्ला. नाव झालं म्हणून तिथे जाणं मात्र सोपं झालेलं नाही. बोट बंदरातून सुटते, समुद्र शांत असेल तरच. उतरताना गुडघाभर पाण्यातून, शेवाळलेल्या दगडांवरून चालावं लागू शकतं. पावसाळ्यात फेरी बंद.

तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, "आज नको" म्हणाला तर दुप्पट पैसे दाखवून त्याला राजी करू नका. पैशाला भुलून नेणारा कोणी भेटलाच, तर त्याच्या बोटीत मुळीच बसू नका. लाइफ जॅकेट नसेल तर मागा, असेल तर घाला, नुसतं मांडीवर ठेवू नका. पिण्याचं पाणी बरोबर घ्या आणि परतीची वेळ बोट सुटायच्या आधी ठरवा. दरवाज्याच्या पायरीवरचं कासव आणि भिंतीवरचा मारुती बघायला विसरू नका, घाईत बरेचजण तसेच आत जातात.

बोट नाहीच मिळाली तर दिवस वाया गेला असं समजू नका. काठावर गोवा किल्ला आहे, दीपगृहाचा कनकदुर्ग आहे, तिथून सुवर्णदुर्ग आणि खाली नांगरलेल्या नौका दोन्ही दिसतात.

दुपारी एक वाजता जेवण मागणं

घरगुती खाणावळीत सकाळीच सांगून ठेवावं लागतं. किती माणसं, किती शाकाहारी, किती वाजता. आयत्या वेळी आठ ताटं मागितलीत तर जे होतं ते होतं. "सुरमई आहे का?" असं विचारण्यापेक्षा "आज बंदरात काय आलंय?" असं विचारा. मांदेली, बांगडे, ओले बोंबील, कर्ली, जे त्या दिवशीचं ताजं असेल ते खा. बुधवार-शुक्रवार-रविवारी मासळीला मागणी जास्त, भावही तसाच. सोमवारी आणि गुरुवारी अनेकांचा वार असतो, तेव्हा भाव जरा नरमतो. चिंबोऱ्या अमावास्येच्या भरलेल्या, असं म्हणतात.

मे महिन्यात आलात तर पाणी जपून वापरा. विहिरी तळाला गेलेल्या असतात, आणि तुमच्या शॉवरचं पाणी घरच्या बाईने कुठून तरी आणवलेलं असतं.

खाडीच्या मुखाशी पोहणं

आंजर्ल्याला जोग नदीची खाडी समुद्राला मिळते. वादळात हर्णैच्या नौका आसऱ्याला तिथे जातात, इतकं ते आतलं पाणी शांत. ते शांत पाणी बघूनच माणसं फसतात. ओहोटी लागली की खाडीचं पाणी बाहेर धावतं, आणि मुखाशी उभ्या माणसाचे पाय सुटतात. मोकळ्या किनाऱ्यावरही दोन लाटांच्या मधे एखादा पट्टा गप्प, गढूळ दिसतो, लाट फुटत नाही. तिथेच ओढ असते, म्हणून तिथे उतरू नका.

ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, दमाल. तरंगत राहा, हात वर करून मदत मागा, आणि ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा, मग आत वळा. दुसरा बुडत असेल तर त्याच्यामागे उडी टाकण्याआधी दोरी, रिकामा कॅन, ट्यूब असं तरंगणारं काहीतरी फेका. ११२ ला फोन करा, समुद्रातल्या बचावासाठी तटरक्षक दलाचा १५५४ आहे. दारू प्यायलेल्याने पाण्यात जाऊ नये, हे लिहावं लागतं हीच पंचाईत आहे.

जेलीफिश चावला तर वाळूने घासू नका, गोड्या पाण्याने धुऊ नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले तंतू चिमट्याने काढा, मग सोसेल इतकं गरम पाणी. पाकटाचा किंवा शिंगाळ्याचा काटा लागला तरी तो भाग सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-एक तास बुडवून ठेवा. काटा खोल असेल तर उपटू नका. धाप लागली, चक्कर आली तर १०८ लावा आणि दापोलीचं उपजिल्हा रुग्णालय गाठा.

मासळी पिशवीत घालून पुण्या-मुंबईला निघणं

घेताना कल्ले लाल, डोळा फुगीर आणि स्वच्छ, अंग दाबलं तर खड्डा लगेच भरून येणारं. कोळंबीचं डोकं घट्ट बसलेलं हवं. आतडी तिथेच काढून घ्या. थर्माकोलची पेटी, खाली बर्फ, मग मासळी, वर पुन्हा बर्फ, आणि वितळलेलं पाणी काढायला एका कोपऱ्यात भोक. पेटीखाली ट्रे ठेवला नाही तर हेच पाणी डिकीत जाईल.

बांगडा आणि सुरमई यांच्या बाबतीत विशेष जपा. ही मासळी उन्हात गरम झाली की तिच्यात हिस्टामाइन नावाचं बाधणारं रसायन तयार होतं आणि ते कितीही शिजवलं तरी जात नाही. खाल्ल्यावर तासाभरात तोंड लाल होणं, खाज, डोकेदुखी, हे त्याचं लक्षण. लोक त्याला "मासा बाधला" म्हणतात आणि बिचाऱ्या मावशींना दोष देतात, प्रत्यक्षात पेटी सहा तास उन्हातल्या डिकीत असते.

आणि डिकीत पाणी सांडलंच, तर घरी पोचल्यावर त्याच रात्री मॅट बाहेर काढा, साबणाच्या पाण्याने धुवा, डिकीत खायचा सोडा भुरभुरवून रात्रभर ठेवा, सकाळी झाडून घ्या आणि गाडी दारं उघडी ठेवून उन्हात लावा. सेंटची बाटली लटकवू नका. दोन्ही वास एकत्र येतात.