जुन्या फियाट-पद्मिनीची मूळ हँडले आणि खिट्ट्या कशा दुरुस्त कराव्यात

कुर्ल्यातील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार झालेली फियाट ११०० आणि तिचेच पुढचे रूप असलेली पद्मिनी यांचे १०८९ सीसीचे इंजिन आजही जुना मिस्त्री सहज उघडून पुन्हा बसवतो. अडते ते लहान वस्तूंपाशी: काच वर-खाली करण्याचे हँडल, पुढच्या दारातील तिकोनी काचेची खिट्टी आणि दाराचे बाहेरचे हँडल. ही वस्तू मोडली की बाजारातील नवी नक्कल बसवावी, असा सल्ला सर्रास मिळतो. नकलेची भोके पुष्कळदा मूळ भोकांशी नीट जुळत नाहीत आणि ती बसवण्यासाठी दाराचा मूळ पत्रा पोखरावा लागतो, म्हणून मूळ वस्तू दुरुस्त होण्याजोगी असेल तोवर ती टाकू नये, असे माझे ठाम मत आहे. याला एक व्यवहारी कारणही आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी मालिका आली. तिच्यासाठी गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात जपलेली असावी लागते.

सर्वप्रथम वस्तू जागेवर असतानाच तिची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि प्रत्येक दाराचे स्क्रू, वॉशर व स्प्रिंग वेगळ्या पिशवीत ठेवून पिशवीवर डावे-उजवे लिहावे. काचेचे हँडल जबरदस्तीने ओढू नये. त्यामागची चकती आत दाबून टॉर्चच्या उजेडात पाहिले, तर ते आडव्या पिनेने धरले आहे की नालेच्या आकाराच्या क्लिपने, हे कळते. पीन असेल तर तिच्याहून किंचित बारीक पंचाने, म्हणजे ठोकण्याच्या लोखंडी कांडीने, ती हलकेच बाहेर ठोकावी. क्लिप असेल तर सुती कापडाची पट्टी मागे घालून दोन्ही टोके आलटून-पालटून ओढावीत, म्हणजे क्लिप सुटून कापडातच अडकते. गंजलेल्या स्क्रूवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल सोडून ठेवावे आणि खाचेत पूर्ण भरेल अशाच पात्याचा स्क्रू ड्रायव्हर वापरावा. दाराचा आतला पुठ्ठा मुंबई-कोकणच्या दमट हवेत फुगलेला असतो. तो कडेला धरून ओढल्यास क्लिपांची भोके फाटतात, म्हणून प्रत्येक क्लिपच्या अगदी शेजारी चपटे पाते सारून ती एकेक करून सोडवावी.

आता सर्वांत महत्त्वाची पायरी, म्हणजे धातू ओळखणे. वस्तूच्या मागच्या, न दिसणाऱ्या भागावर आधी चुंबक लावावे. चिकटले तर ते लोखंड. न चिकटल्यास कानशीने तेथेच एक बारीक ओरखडा काढावा: आत पिवळे दिसले तर पितळ, करडे-पांढरे आणि हाताला जड लागले तर जस्ताचा मिश्रधातू, ज्याला कारखान्यांत नुसते डायकास्ट म्हणतात. पितळ साधारण ९०० अंश सेल्सियसच्या पुढे वितळते, त्यामुळे ते झाळता, म्हणजे तापवून दुसऱ्या वितळलेल्या धातूने सांधता येते. डायकास्ट मात्र ३८० ते ३९० अंशांतच वितळू लागते. माझ्या गाडीची एक शाबूत खिट्टी, केवळ कोपऱ्याची चीर भरण्यासाठी, एका वर्कशॉपमध्ये गॅसच्या ज्योतीखाली धरली गेली आणि काही क्षणांत तिचा गोळा झाला. तेव्हापासून वस्तू कोणाच्याही हाती देण्यापूर्वी तिचा धातू मी स्वतः तपासतो.

डायकास्ट खिट्टी दोन तुकड्यांत मोडली असेल तर केवळ गोंदाने ती टिकत नाही. दोन्ही तुटलेल्या तोंडांत समोरासमोर दोन मिलिमीटर व्यासाची, तीन-चार मिलिमीटर खोल भोके हातड्रिलने घ्यावीत, त्यांत पितळी तारेचा तुकडा पिनेसारखा बसतो का ते कोरडेच पाहावे आणि मगच तोंडे थिनरने पुसून इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणारा गोंद, त्यातला संथ वाळणारा प्रकार लावावा. पाच मिनिटांत घट्ट होणारा प्रकार येथे घेऊ नये. त्याची पकड कमी असते. जोड रबरी पट्टीने बांधून पूर्ण २४ तास हलवू नये. उन्हाची ऊब मिळाली तर इपॉक्सी अधिक चांगले पक्के होते.

येथे क्रम चुकवू नये. वस्तूवर पुन्हा क्रोम चढवायचे असेल, तर ते इपॉक्सीच्या आधी. कारण इपॉक्सीतून वीज वाहत नाही आणि त्यावर मुलामा धरत नाही. डायकास्टवरील पुळ्या म्हणजे मुलाम्याखाली पोखरलेले जस्त असते. चांगला प्लेटिंग कारागीर प्रत्येक खड्डा कोरून स्वच्छ करतो, त्यावर तांबे चढवतो, मऊ सोल्डरने भरून घासतो आणि मग पुन्हा तांबे, निकेल व शेवटी क्रोम देतो. हे काम महागडे असते, आणि खड्डे मोजकेच असतील तर ते करूच नये असे मला वाटते. साबणाच्या कोमट पाण्याने मऊ ब्रशने धुऊन वर मेण लावलेली जुनी खिट्टी नव्या चकाकीपेक्षा गाडीला अधिक शोभते. लोखंडी वस्तूवरचा गंज मात्र ओल्या अॅल्युमिनियम फॉइलने चोळल्यास क्रोमला ओरखडे न पडता बराच निघतो.

बसवताना आटे तपासावेत: फियाटचे आटे मेट्रिक आहेत, त्यामुळे अॅम्बेसेडरच्या डब्यातील इंची स्क्रू त्यात पिळू नयेत. जस्त आणि लोखंड ओलाव्यात एकमेकांना टेकले की जस्तच आधी झिजते, म्हणून प्रत्येक स्क्रूला ग्रीस आणि हँडलखाली नवे पातळ रबर अवश्य द्यावे. शेवटी तिकोनी काच लावून खिट्टी फिरवावी. ती एका बोटाच्या जोराने फिरायला हवी. अधिक जोर लागला तर काचेभोवतीचे रबर कडक झाले आहे असे समजावे. खिट्टी मुळात त्याच ताणाने मोडली असण्याची शक्यता मोठी असते, तेव्हा आधी ते रबर बदलून मगच खिट्टी रोजच्या वापरात घ्यावी.