केळी बाहेरदेशी द्यायची? आधी वजन कशाचं ते विचारा

अकोट तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आमची दोन एकर जी-नाईन जातीची केळी आहे. पहिल्या वर्षी व्यापारी म्हणाला, "माल इराणले जाते वहिनी, गावच्या भावापेक्षा क्विंटलमागं दोनशे जास्त देतो." मी भाव ऐकला अन् हो म्हटलं.

गावात घड दांड्यासकट तोलतात, निर्यातीत पेटी तोलतात. नंतर मी एक घड स्वतः तोलून पाहिला. २४ किलो. दांडा सव्वादोन किलो, खालच्या बारीक फण्या अन् डागी माल पावणेपाच किलो, पेटीत गेले १७. १७०० नं त्याचे झाले २८९ रुपये. तोच घड गावात १५०० नं ३६०! कटती, म्हणजे व्यापारी वजनातून कापतो ती, गेली असती तरी बरंच उरलं असतं. काढून टाकलेल्या फण्या सहा रुपये किलोनं गेल्या, त्याही दोन दिवस लिंबाखाली पडून.

म्हणून विळा लागायच्या आधी वहीत लिहून घ्या, सही घ्या: भाव दांड्यासकट की पेटीचा, छाटलेला माल कोण उचलणार अन् काय भावानं, कॅलिपरचा, म्हणजे केळाची जाडी मोजायच्या मापाचा, आकडा किती. कॅलिपर वरून दुसऱ्या फणीच्या मधल्या केळाला आपल्यासमोर लावायला सांगा. व्यापाऱ्याची पोरं झाडाखाली उभी राहून नजरेनंच "बारीक आहे" म्हणतात.

केळफूल निघालं की त्या आठवड्याच्या रंगाची फीत बांधा. माल पाऊणच भरलेला, केळाच्या कडा दिसत असताना कापायचा असतो, अन् फितीशिवाय तो अंदाज चुकतो. फण्या तुरटीच्या पाण्यात धुवा, नाहीतर चिकाचे डाग पडतात.

व्यापाऱ्याचंच का चालतं, तर एका मोठ्या रीफर (थंड ठेवणाऱ्या) कंटेनरला वीसेक टन माल एकदमच लागतो अन् आपल्या एकट्याचा कधी पुरत नाही. सगळ्यात जास्त केळी निर्यात करणाऱ्या इक्वाडोरमध्ये सरकार पेटीचा किमान भाव ठरवून देतं. इथं केळीला हमीभाव नाही, भावासाठी बऱ्हाणपूरच्या केळी लिलावाकडे बघत बसायचं. तिकडं आखातात गडबड झाली की व्यापारी फोन उचलत नाही.

आता आम्ही पाच घरं एकाच आठवड्यात रोपं लावतो. कापणीची तारीख अन् निम्मी रक्कम आधी. तारीख चुकवली तर माल गावच्या व्यापाऱ्याला, हेही त्याच वहीत लिहिलेलं असतं.