कारागिरांसाठी ट्रेनिंग प्रोग्रॅम आखताय? मग या चुका टाळा

पारंपरिक कारागिरीत काही नवं यावं म्हणून जी ट्रेनिंग होतात त्यांचा शेवट बऱ्याचदा ठरलेला असतो. शेवटच्या दिवशी टेबलावर सुंदर सॅम्पल मांडलेली, सगळ्यांचे फोटो, आणि काही महिन्यांनी जाऊन बघावं तर सॅम्पल कपाटात आणि कारागीर पुन्हा जुन्याच मालावर. मग म्हणतात, या लोकांना बदल नकोच असतो. मला हे अजिबात पटत नाही. ते सॅम्पल ठरवलं कोणी होतं? रंग डिझायनरने निवडला, माप त्यानेच दिलं, कारागिराने हात चालवले, आता डिझायनर गेला तर पुढचा रंग कोण ठरवणार? म्हणून आखणी करताना "किती सॅम्पल निघतील" हे राहू दे, ट्रेनिंगनंतर कारागीर स्वतः कुठले निर्णय घेऊ शकेल ते आधी कागदावर लिहा. सगळ्या चुका इथूनच सुरू होतात.

वेळापत्रक हॉलच्या बुकिंगवरून ठरवणं

पाच दिवसांचं शिबिर का, तर हॉल पाच दिवस मिळाला. पण कामाला त्याचा स्वतःचा वेळ असतो ना. मागावर नवा ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, चढवायचा म्हणजे शेकडो धागे मोजायचे, फणीतून एकेक ओवायचा, त्यातच दिवस जातात. मातीचं भांडं नीट वाळल्याशिवाय भट्टीत घालता येत नाही, घाई केली की तडकतं, कापड रंगवायच्या आंबवलेल्या निळीचा माठ तयार व्हायलाच कित्येक दिवस लागतात. मग पाच दिवसांत प्रयोग होणार कधी, बिघडणार कधी आणि परत करून बघणार कधी? बिघडायला वेळच ठेवला नसेल तर कोणी धोका पत्करत नाही, सगळे हमखास जमणारंच करतात.

यावर उपाय आहेत. विणकरांसाठी एक साधा ताणा आधीच चढवून ठेवा आणि सगळे प्रयोग बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यांत, करायला लावा, एकाच ताण्यावर भरपूर छोटे तुकडे निघतात. कुंभारकामात ग्लेझच्या (भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाच्या) ट्रायलसाठी एकदा भाजलेल्या पट्ट्या तयार हव्यात. आणि जमत असेल तर कोर्सचे तुकडेच पाडा. कच्छमध्ये २००५ साली सुरू झालेल्या कला रक्षा विद्यालयाने हेच केलं, वर्षभरात विभागलेले छोटे निवासी वर्ग, मधल्या काळात घरी जाऊन करायचा गृहपाठ. घरच्या मागावर, घरच्या गोंधळात जे जमतं तेच पुढे टिकतं.

एकाच माणसाला बोलावणं

ही चूक दिसत नाही पण महाग पडते. यादीत नाव एकाचं, काम मात्र अख्ख्या घराचं, कोणी धागा भरतं, कोणी रंगवतं, कोणी शेवटची सफाई करतं. ज्याला शिकवलं तो नवीन रंगसंगती घेऊन घरी गेला आणि रंगवणाऱ्या बाईला त्यातलं काहीच सांगितलेलं नाही, मग काय होणार. निदान काही सत्रं तरी जोडीने ठेवा, आणि बायकांना कुठली वेळ जमते ते त्यांनाच विचारून घ्या.

शिकवणारा फक्त डिझायनर

१९१९ साली जर्मनीत सुरू झालेल्या बाऊहाउस या कला-डिझाइनच्या शाळेत सुरुवातीला प्रत्येक वर्कशॉपला दोन मास्टर असायचे, एक आकार-रचनेचा आणि एक प्रत्यक्ष कारागिरीचा. १९२५ मध्ये शाळा डेसाऊ शहरात गेली तेव्हा दोन्ही शिकून तयार झालेले माजी विद्यार्थीच काही वर्कशॉप चालवायला लागले. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. आज जे शिकायला बसलेत त्यांच्यातलेच काही जण पुढच्या बॅचला शिकवतील अशी आखणी पहिल्या दिवसापासून करा, आणि उस्ताद कारागिराला डिझायनरइतकंच मानधन द्या, प्लीज.

आता मधेच अडलं तर

*कोणी बोलतच नाही.* समोर कोरा कागद ठेवलाय का बघा. कागदावर चित्र काढणं हे प्रत्येकाचं माध्यम नसतं, त्यांना धागे मांडू द्या, कागद कापू द्या, थेट मातीत करू द्या. वडीलधारे समोर असले की तरुण गप्प बसतात, तेव्हा गट छोटे आणि वेगळे करा.

*मधेच गळती होते.* बहुतेक वेळा कारण बुडालेली मजुरी असतं. भत्ता शेवटी एकदम देण्यापेक्षा रोजच्या रोज द्या, आणि ऑर्डरच्या हंगामात कोर्स ठेवूच नका.

*कोणी खरं नवं डिझाइन दाखवत नाही.* भीती असते हो, आज दाखवलं की उद्या शेजारच्याकडे तेच दिसणार. यावर पहिल्याच दिवशी मोकळं बोला आणि कोणाचं काय न विचारता वापरायचं नाही ते गटातच ठरवून घ्या. भारतात जीआय (भौगोलिक मानांकनाचा टॅग) मिळालेला असला तरी तो त्या प्रदेशाशी जोडलेल्या नावाला संरक्षण देतो, एखाद्याच्या नव्या डिझाइनला नाही. त्यासाठी डिझाइन कायदा २००० खाली वेगळी नोंदणी लागते, आणि अर्ज करायच्या आधीच डिझाइन लोकांसमोर आलं तर सहसा नोंदणी मिळत नाही. म्हणजे आपणच हौसेने भरवलेलं प्रदर्शन कारागिराचा हक्क घालवू शकतं! आधी विचारा, मग मांडा.

*सॅम्पल मस्त झालं पण ऑर्डर जमेना.* कारण ते एकदाच केलं होतं. तीच वस्तू तीन वेळा करायला लावा, दर वेळी लागलेले तास, माल आणि वाया गेलेले नग लिहून काढा, किंमत त्यातूनच काढायला शिकवा. माती वाळताना आणि भाजताना आकसते, कापड धुतल्यावर आटतं, हे सगळं दुसऱ्या-तिसऱ्या नगात कळतं. रंगाची परीक्षाही इथेच घ्या, एक तुकडा धुवून बघा, दुसरा अर्धा झाकून काही आठवडे उन्हात ठेवा.

आणि बजेट करताना प्रदर्शनाच्या मंडपाआधी नंतरच्या सहा महिन्यांच्या भेटींचे पैसे बाजूला काढा. पहिली ऑर्डर अडते तेव्हा कारागिराने फोन कोणाला करायचा, ते नाव आणि नंबर कोर्स संपायच्या आत त्याच्याकडे असायलाच हवा.